चाळीस जणांचा ब्लॉक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या मंडळाच्या व्याख्यानांचा एक शिरस्ता आहे. कधी मधुमेह आणि आहार, कधी ज्ञानेश्वरी, कधी निवृत्तीनंतरची गुंतवणूक. त्या पंगतीत यंदा माझ्या नावापुढे 'ऑनलाइन खेळ' असा विषय लागलेला पाहून पहिल्या दोन रांगांतल्या काका-काकूंच्या मनात काय आले असेल, याची मला कल्पना आहे. पी-वेचा माणूस, उन्हातान्हात रुळांवरून फिरणारा, कानाजवळचे केस पिकलेले, आणि हा आता राक्षस मारण्यावर बोलणार? तर हो, राक्षस मारण्यावरच बोलणार आहे. फक्त एकट्याने मारायच्या राक्षसांबद्दल नाही. पाच, दहा, पंचवीस, कधीकाळी चाळीस जणांनी मिळून मारायच्या राक्षसांबद्दल.

विषय मी मागून घेतला नाही. झाले असे, की गेल्या वर्षभरात आपल्या कॉलनीतल्या तीन-चार घरांतले पालक माझ्याकडे येऊन गेले. मी खेळतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे 'दारुड्याला दारूबद्दल विचारावे' अशा हिशोबाने आले असावेत! सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच: मुलगा हाक मारली तरी उठत नाही, 'दोन मिनिटं, दोन मिनिटं' करतो आणि अर्धा तास जातो. एका घरात वडिलांनी चालू खेळात राउटरची वायर उपटली. मुलगा दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. वडिलांचे म्हणणे, 'एका खेळासाठी एवढं?' मुलाचे म्हणणे, 'तुम्हाला कळतच नाही.' दोघेही माझ्या ओळखीचे, दोघेही चांगले. तो मुलगा नेमके काय म्हणत होता, ते आज सांगावे म्हणून उभा आहे.

मी खेळतो त्या खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला आणि आजही तो चालू आहे. संगणकाच्या जगात वीस वर्षे म्हणजे आपल्याकडे वाफेच्या इंजिनापासून वंदे भारतपर्यंतचा काळ. यात आपण एक पात्र घ्यायचे: योद्धा, जादूगार, वैद्य, शिकारी. त्याला वाढवायचे, त्याच्यासाठी शस्त्रे-चिलखते मिळवायची. हे सगळे एकट्याने करता येते. पण एक पायरी अशी येते की पुढे एकट्याने जाताच येत नाही. तिथे गुहा आणि किल्ले आहेत, त्यात मोठमोठे राक्षस आहेत आणि प्रत्येक ठिकाणी किती जणांनी जायचे हे ठरलेले आहे. लहान जागेला 'डंजन' म्हणतात, तिथे पाच जण लागतात. मोठ्या मोहिमेला 'रेड' म्हणतात. इन्कम टॅक्सवाल्यांची नव्हे, तरी दोन्हीकडे तयारी सारखीच करावी लागते!

पाच जणांत कामे वाटलेली असतात. एक 'टँक'. टँक म्हणजे पाण्याची टाकी नाही, रणगाडा. याने पुढे उभे राहून मार खायचा. एक 'हीलर', म्हणजे वैद्य; त्याने मार खाणाऱ्याला जिवंत ठेवायचे. उरलेल्या तिघांनी राक्षसाला मारायचे. ऐकायला सोपे वाटते. गंमत अशी, की राक्षस कोणावर धावून जाणार याचा खेळात आकड्यांत हिशोब चालू असतो. तुम्ही त्याला जितके मारता, तितका त्याचा तुमच्यावरचा राग वाढतो. टँकचे खरे काम हा राग स्वतःवर ओढून घेण्याचे. मागून मारणाऱ्याने उत्साहाच्या भरात टँकपेक्षा जास्त राग कमावला, की राक्षस वळलाच त्याच्याकडे. जुना नियम असा होता, की जवळून लढणारा टँकच्या रागाच्या ११० टक्क्यांवर गेला, किंवा लांबून लढणारा १३० टक्क्यांवर गेला, की राक्षस मोहरा बदलतो. आणि वैद्याने जखमा भरल्या तरी राक्षसाला राग येतोच, थोडा कमी. म्हणजे जो जास्त शूर तो जास्त उपयोगाचा, असे गणितच इथे नाही. आपला हात कधी आखडता घ्यायचा, हे ज्याला कळते तो चांगला खेळाडू.

मी वैद्य आहे. गेली चौदा-पंधरा वर्षे. घरातल्यांना याचे हसू येते, कारण प्रत्यक्षात मला इंजेक्शनची भीती वाटते.

सुरुवातीच्या काळात, म्हणजे मी यायच्या आधी, या मोहिमा चाळीस जणांच्या असत. 'मोल्टन कोर' नावाची पहिली मोठी मोहीम, डोंगराच्या पोटातली लाव्हारसाची गुहा. दहा राक्षस, त्यांतला शेवटचा अग्नीचा स्वामी रॅग्नारोस. खेळ बाजारात आल्यापासून तो पहिल्यांदा मारला जायला एप्रिल २००५ उजाडला. याच गुहेत बॅरन गेडन नावाचा एक राक्षस आहे. तो मधूनच चाळिसातल्या कोणाही एकाला जिवंत बॉम्ब करून टाकतो. त्या माणसाच्या हातात आठ सेकंद असतात. तेवढ्यात त्याने बाकीच्या एकोणचाळीस जणांपासून लांब पळून जायचे. तो जागेवर राहिला तर आजूबाजूचे सगळे उडतात. तो पळाला, तर स्फोट त्याच्या एकट्यावर होतो. मला ही रचना फार आवडते. इथे तुम्ही किती जोरात मारता याला किंमत नाही. आपण बॉम्ब झालो आहोत हे तुमच्या लक्षात आले का, आणि तुम्ही पळालात का, एवढेच विचारले जाते. चाळिसात एकजण चहा आणायला उठलेला असला, की संपले.

मी खेळायला लागलो २०१० मध्ये. तेव्हा एका लहान स्टेशनवर पोस्टिंग होते, कुटुंब मुलांच्या शाळेसाठी पुण्यात. संध्याकाळी शेवटची पॅसेंजर गेली की स्टेशन मास्तर, पॉइंट्समन आणि मी, आणि बाहेर रातकिडे. त्या काळातला मोठा शत्रू म्हणजे बर्फाच्या किल्ल्यातला लिच किंग. त्याच्याशी लढताना तो जमिनीवर काळ्या डागासारखे एक डबके टाकतो. त्याला 'डिफाइल' म्हणतात. डबके सुरुवातीला लहानसे असते. त्यात कोणी उभे राहिले, की त्याला इजा होतेच, पण प्रत्येक इजेबरोबर डबके मोठे होत जाते. मोठे झाले की शेजारचा त्यात सापडतो, त्यामुळे ते आणखी मोठे होते. एक माणूस दोन सेकंद उशिरा हलला, तर दहा सेकंदांत अख्खा गट त्यात बुडून मेलेला असतो.

आम्ही या डबक्यात किती वेळा बुडालो ते मोजलेले नाही. आठवड्यातून दोन रात्री, महिनोन् महिने. सगळे मेले, की पुन्हा सगळे उठून, चालत परत येऊन, पुन्हा सुरुवात. याला 'वाइप' म्हणतात, पाटी पुसल्यासारखे. ब्लिझार्डला बहुधा दया आली असावी, कारण २०१० मध्ये त्यांनी त्या किल्ल्यात सर्वांची ताकद आधी ५ टक्क्यांनी आणि मग टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांपर्यंत वाढवून दिली. तरी डबके ते डबकेच. अंगात कितीही ताकद आली तरी पाय वेळेवर हलवावा लागतोच.

जगातल्या अव्वल गटांचीही याहून वेगळी कथा नाही. २०१७ मध्ये किलजेडन नावाचा राक्षस सर्वांत अवघड पातळीवर जगात पहिल्यांदा मारणाऱ्या 'मेथड' या गटाला सहाशेहून अधिक प्रयत्न करावे लागले होते. सहाशे वेळा मरायचे आणि सहाशे वेळा 'काय चुकलं?' हे शांतपणे बोलायचे. आपल्याकडच्या एखाद्या चौकशी समितीला हे जमेल का, हा प्रश्न मी इथे सोडून देतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या खेळाला 'पॉज' नाही. काकांना वाटते, की टीव्ही बंद करावा तसा खेळ बंद करता येतो. पत्त्यांचा डाव उलटा ठेवून जेवायला जाता येते. इथे तसे नाही, कारण डाव एकट्याचा नसतो.

सहकाऱ्यांना आपल्या भाषेत सांगतो. दोन तासांचा ब्लॉक मिळाला आहे. कंट्रोलरने मंजुरी दिली, स्टेशन मास्तरांबरोबर प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण झाली, दोन्ही बाजूंना बॅनर फ्लॅग लागले, गँग जागेवर आली, रूळ कापला. आता मेट म्हणाला, 'साहेब, घरून फोन आलाय, वरण गार होतंय, जरा जेवून येतो.' चालेल? रूळ कापलेला आहे. मागे मालगाड्या उभ्या आहेत. ब्लॉक वेळेत संपला नाही, म्हणजे आपण म्हणतो तसा बर्स्ट झाला, तर रात्रभर फोन कोणाला येणार, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

खेळात अगदी असेच एक प्रकरण २०१६ पासून आहे. त्याला 'मिथिक कीस्टोन' म्हणतात. एका खेळाडूजवळ एक किल्ली असते, तिच्यावर आकडा असतो: दोन, पाच, दहा. आकडा जितका मोठा तितके राक्षस दांडगे, आणि वर दर आठवड्याला बदलणाऱ्या अडचणी. पाच जणांनी जायचे, किल्ली लावायची, आणि घड्याळ सुरू. जागेप्रमाणे अर्धा तास, कुठे त्याहून थोडे जास्त. कोणी मेला की त्याबद्दल वेळेतून काही सेकंद कापले जातात. वेळेत पूर्ण केले तर किल्लीचा आकडा वाढतो, नाही केले तर कमी होतो. आता पाचव्या मिनिटाला एकाचा बाप राउटर बंद करतो. उरलेले चौघे कोण? एखादा पोलंडमधला ट्रकचालक, आज त्याची एकच संध्याकाळ मोकळी. एखादी बाळ झोपल्यावर येऊन बसलेली आई. त्यांची किल्ली गेली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला कोण बोलावणार? 'याच्या भरवशावर जाऊ नका, हा मधेच गायब होतो' असे नाव होते. त्या मुलाला आपल्या कॉलनीत जसे नाव आहे तसेच तिथेही आहे, आणि ते घालवले जाते तेव्हा तो रागावतो. मी होतो त्याच्या जागी तर मीही रागावलो असतो.

आपल्याकडची मुले बहुतेक मोबाइलवर, चौघांच्या स्क्वॉडमध्ये गोळीबाराचे खेळ खेळतात. खेळ निराळा, पण गोष्ट तीच. तिथला एक सामना साधारण अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. 'बंद कर' म्हणण्याआधी 'चालू आहे त्याला किती वेळ राहिला?' हे विचारा. उत्तर आले 'बारा मिनिटं', तर बारा मिनिटांनी ताट वाढा. आणि जेवणाच्या आधी वीस मिनिटे नवा सामना सुरू करायचा नाही, हे आधीच ठरवा. ब्लॉक संपायला वीस मिनिटे असताना नवीन रूळ कापायला आपण घेत नाही ना? मुलांना ही भाषा कळते. मुलांची भाषा आपल्याला कळत नाही, तो प्रश्न आहे.

लुटीचाही एक किस्सा सांगतो. चाळीस जण तीन तास लढून राक्षस मारणार आणि त्याच्याजवळ सापडणार दोन-तीन वस्तू! त्या कोणाला द्यायच्या? यावर लोकांची मैत्री तुटली आहे. शेवटी खेळाडूंनीच एक हिशोब काढला. १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' नावाच्या आधीच्या खेळात तो सुरू झाला आणि तिथून इकडे आला. ड्रॅगन मारल्याचे गुण. प्रत्येक मोहिमेला हजर राहिलात, की गुण जमा. वस्तू हवी, की गुण खर्च. कंपनीने हे बनवले नव्हते, लोकांनी वहीत आणि एक्सेलमध्ये चालवले. भिशी आणि क्वार्टर अलॉटमेंटची यादी यांचा संकर म्हणा. आणि क्वार्टरच्या यादीइतकीच त्यावर कटकटही होते, हे सांगायला नकोच.

आता जे सांगणार आहे, त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आमच्या गटात नेदरलँड्समधले एक गृहस्थ होते. वय अडुसष्ट. कारखान्यातून निवृत्त, पत्नी वारलेली. हाताला थोडा कंप. माणूस लाख मोलाचा. नवीन आलेल्याला तासन् तास समजावणारा, कोणाचा वाढदिवस न विसरणारा. पण जमिनीवर आग पडली, की हलायला त्यांना एक सेकंद उशीर होई, आणि त्या एका सेकंदात ते मरत. हेरॉइक पातळीवर ते खपून जायचे, कारण तिथे दहा ते तीस कितीही जण चालतात; एखादा पडला तरी बाकीचे ओढून नेतात. सर्वांत वरच्या मिथिक पातळीला बरोबर वीसच जण लागतात, आणि विसातला एक पडणे परवडत नाही.

आमच्या म्होरक्याने (पोरगा सव्वीस वर्षांचा, फार हुशार) मत मांडले, की मिथिक करायचे तर त्यांना बाहेर बसवावे लागेल. वर्षभर लोकांनी झोप मोडून सराव केला आहे, तो एका माणसापायी का वाया घालवायचा? त्याचे चूक होते असे मला आजही वाटत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ज्यांनी आपल्यापैकी निम्म्यांना खेळ शिकवला, त्यांना बाकावर बसवून मिळालेला राक्षस कोणाला हवा आहे? दोन रात्री चर्चा झाली. ते स्वतः त्या चर्चेत एक शब्द बोलले नाहीत. मी 'हेरॉइकच खेळू' या बाजूने मत दिले. गँगमध्ये माणसे कशी टिकतात आणि कशी तुटतात, हे वीस वर्षे पाहिल्यावर माझे मत दुसरे होणे शक्य नव्हते. आमची बाजू दोन मतांनी जिंकली. आठवड्याभरात म्होरक्या आणि आणखी तिघे चांगले खेळाडू गट सोडून गेले, आणि त्यांच्या नव्या गटाने तो राक्षस मारलाही. आम्ही नाही मारला. ते गृहस्थ नंतर दोन वर्षे आमच्याबरोबर होते. एका बुधवारी आले नाहीत, पुढच्या बुधवारीही नाहीत. मग त्यांच्या मुलीचा निरोप आला.

असो.

या खेळात एकदा साथही आली होती, हे फारसे कोणाला माहीत नसते. १३ सप्टेंबर २००५ ला झुलगुरुब नावाची वीस जणांची नवी मोहीम खुली झाली. तिथला शेवटचा राक्षस हक्कार खेळाडूंना दूषित रक्ताची बाधा करी, आणि ती जवळ उभ्या असलेल्याला लागे. ती त्या गुहेतच राहावी अशी योजना होती. पण शिकाऱ्यांचे पाळीव प्राणी ती बाधा घेऊन बाहेर शहरांत आले. दुकानदार पात्रे तिने मरत नव्हती, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला देत होती. कच्चे खेळाडू काही सेकंदांत मरू लागले, रस्त्यांत सांगाड्यांचे खच पडले. काही जण मदतीला धावले आणि त्यांच्या उपचारांमुळे रोगी जास्त वेळ जगून साथ आणखी पसरली. काही निव्वळ बघायला गेले. काहींनी मुद्दाम पसरवली. कंपनीने लोकांना वेगळे ठेवायचा प्रयत्न केला, तो फसला, शेवटी सर्व्हर बंद करून दुरुस्ती करावी लागली. २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला: माणसे साथीत कशी वागतात हे समजायला असे खेळ उपयोगी पडतील. २०२० मध्ये आपण सर्वांनी ते प्रत्यक्ष पाहिलेच. मदतीला धावलेलेही, आणि बघायला गेलेलेही.

माझे बोलणे ऐकून कोणाला वाटेल, की मी खेळाची वकिली करतोय. दुसरी बाजूही सांगतो. २००८ मध्ये 'फायनल फँटसी इलेव्हन' या खेळात एक गट एकाच राक्षसाशी सलग अठरा तास लढला. लोकांना उलट्या व्हायला लागल्या, घेरी आली, तेव्हा त्यांनी नाद सोडला. राक्षस तसाच उभा. अठरा तास! आपल्याकडे कामाच्या तासांना नियम आहेत, ते कशासाठी हे यावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले, आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्यांची कसोटी तासांची नाही. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते, तर तो आजार. असे आपल्या घरात दिसले तर राउटर उपटून भागणार नाही, डॉक्टरांकडे जावे. आणि पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन प्रकार होते, त्यांच्याशी मी सांगतोय त्याचा संबंध नाही. त्यांच्यावर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, ते उत्तम झाले.

माझी मर्यादा माझ्यावर भूगोलाने घातली आहे. आमचा गट युरोपातल्या सर्व्हरवर. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, आणि हिवाळ्यात त्यांची घड्याळे मागे गेली की साडेबारा. त्यामुळे मी फक्त बुधवारी खेळतो, गुरुवारी विश्रांती असेल तरच. सौभाग्यवतींची लेखी परवानगी आहे.

शेवटी एका मुलाविषयी सांगतो. माट्स स्टीन, नॉर्वेचा. त्याला लहानपणापासून ड्यूशेन हा स्नायूंचा आजार होता. पुढे चाकाच्या खुर्चीत, नंतर फक्त बोटे हलायची. तो दिवसरात्र वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळे. आई-वडिलांना वाईट वाटे, की आपला मुलगा मित्रांशिवाय, एकटा, पडद्यासमोर आयुष्य घालवतोय. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो गेला, पंचविसाव्या वर्षी. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी लिहिली. आणि पत्रे यायला लागली. एक नाही, दोन नाही, कितीतरी. खेळात त्याचे नाव आयबेलिन होते. त्याने कोणाला कोणत्या रात्री धीर दिला, कोणा आई-मुलाचे बोलणे पुन्हा सुरू करून दिले, हे लोक लिहीत होते. अंत्यविधीला त्याच्या गटातले सोबती दुसऱ्या देशांतून आले. त्याच्यावर 'द रिमार्केबल लाइफ ऑफ आयबेलिन' हा माहितीपट २०२४ मध्ये आला आहे, जरूर पाहा. त्यात एक प्रसंग आहे. त्याची एक मैत्रीण नेदरलँड्सची. तिच्या आई-वडिलांनी, अभ्यास बुडतो म्हणून, तिचा संगणक काढून घेतला. तेव्हा माट्सने तिच्या आई-वडिलांना पत्र लिहिले. भांडण केले नाही. मी तिचा मित्र आहे आणि मला तिची काळजी वाटते, अशा अर्थाचे.

राउटर उपटणाऱ्या आपल्या त्या मित्राला मी हा माहितीपट दाखवला. ते काही बोलले नाहीत. पण गेल्या रविवारी मुलाजवळ खुर्ची घेऊन बसलेले मी खिडकीतून पाहिले.

कोणाला काही विचारायचे असल्यास विचारा. आरतीला अजून पंधरा मिनिटे आहेत.

(भाषणानंतर एका काकूंनी विचारले, 'मग मुलींनी खेळलं तर चालतं का? तिथे कसली माणसं असतात कोणास ठाऊक.' त्यावर वक्त्यांनी दिलेले उत्तर:)

काकू, प्रश्न बरोबर आहे. तिथे सगळ्या तऱ्हेची माणसे असतात, स्टेशनवर असतात तशी. म्हणून लहान मुलगी असो की मुलगा, अनोळखी लोकांच्या व्हॉइस चॅटमध्ये एकटे बसू देऊ नये. खरे नाव, शाळा, फोटो, काही द्यायचे नाही. सुरुवातीला आपल्या माहितीतल्या चार जणांचाच गट करावा. माझी मुलगी आता कॉलेजात आहे, ती खेळते. आणि आमच्या घरात टँक ती आहे. मी फक्त तिच्या मागे उभा राहून जखमा भरतो. बुधवारी या, साडेअकराला. चहा मिळेल, पण मधेच उठून करणार नाही, आधी करून थर्मासमध्ये ठेवतो.

गणपती बाप्पा मोरया!